मूळ शोधत खाली

आमच्या आजीच्या घरी भूकंप आधी कानाला कळतो, मग पायाला. डोंगराच्या पोटातून एक लांबलचक गडगड येते, आजी हातातलं काम न थांबवता म्हणते, "गाडी गेली बघ खालनं," आणि तिचं वाक्य संपेस्तोवर फडताळातली भांडी किणकिणून गप्पही झालेली असतात. कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यात तिचं घर. तिथल्या माणसांना या आवाजाची सवय आहे. शहरातून आलेला पाहुणा ताडकन उठून दाराकडे धावतो, घरची बाई तव्यावरची भाकरी उलटते.

या सवयीच्या तळाशी एक पहाट आहे. ११ डिसेंबर १९६७, चार वाजून एकवीस मिनिटं. माझे वडील तेव्हा अंगावर पीत होते. आजीने त्यांना गोधडीसकट उचललं आणि ती अंगणात आली, तोवर मागे गोठ्याची भिंत बसली होती. गाय आतच राहिली. त्या पहाटे खोऱ्यात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. ऐन थंडीत लोक कित्येक दिवस उघड्यावर झोपले, कारण डोक्यावर छप्पर नको झालं होतं. आजी हे फार कमी वेळा सांगते, आणि सांगते तेव्हा गायीपाशी थांबते.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. तिचा उरलेला अर्धा भाग मला फार उशिरा, संगणकाच्या नोकरीत मुरल्यावर कळला. गोठ्याची भिंत पाडणारा तो हिसका गोठ्यापाशी थांबला नव्हता. अर्ध्या मिनिटाच्या आत तो पुण्याखाली पोचला. वीसेक मिनिटांत पृथ्वीच्या आरपार जाऊन पलीकडच्या टोकाला निघाला. आणि त्याच्या जमिनीलगत रेंगाळत जाणाऱ्या लाटा तीनेक तासांत सगळ्या जगाला वळसा घालून पुन्हा कोयनेखालून गेल्या असणार. आजी त्या वेळी ढिगाऱ्यातून भांडी काढत असेल. तिच्या पायांना काहीही जाणवलं नसेल.

तेव्हा पुण्यात एक भूकंपमापक केंद्र होतं. तसंच दिल्लीला, शिलाँगला, कोडाईकनाललाही. एकाच नमुन्याची उपकरणं असलेली अशी शंभराहून जास्त केंद्रं अमेरिकेने १९६०च्या दशकात जगभर उभी करून दिली होती. त्यांच्यासाठी पैसा सुटला तो पृथ्वीच्या कुतूहलापोटी नव्हे. कुणी चोरून जमिनीखाली अणुचाचणी करतंय का, ते ऐकायचं होतं. पण कान एकदा लावला की जे येईल ते ऐकू येतं. युद्धाच्या भीतीने लावलेल्या त्या कानांनी पृथ्वीच्या पोटाबद्दल जितकं सांगितलं, तितकं त्याआधीच्या अर्ध्या शतकात कळलं नव्हतं असं मला वाटतं.

माठ घेताना आपण त्यावर टिचकी मारतो. वडार दगडावर हातोडी टाकून आवाजावरून सांगतो, हा पक्का की आतून तडकलेला. पृथ्वीच्या बाबतीत दुसरा मार्गच नाही. माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, १२,२६२ मीटर. पृथ्वीचा मध्य ६,३७१ किलोमीटर खाली. म्हणजे अजून आपण सालाच्याही पार गेलेलो नाही. जे काही कळलं ते वाजवूनच कळलं, आणि वाजवणारा हात आपला नाही.

या ऐकण्याच्या इतिहासात भारताचा वाटा पहिल्याच पानावर आहे, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी भेटला नाही याची खंत वाटते. १२ जून १८९७ला आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा कसून अभ्यास केला. हजारो किलोमीटर दूर, युरोपातल्या उपकरणांवर उमटलेल्या त्याच्या नोंदी पाहताना त्यांच्या लक्षात आलं की भूकंपाची लाट एक नसते. आधी दाबाची येते, मग आडवी हलवणारी, शेवटी पृष्ठभागावरून येणारी. १९०६ साली त्यांनीच दाखवलं की पृथ्वीला गाभा आहे. तो गाभा द्रव आहे हे १९२६मध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांनी मांडलं, आणि त्या द्रवाच्या आत आणखी एक गाभा आहे हे डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी १९३६मध्ये.

पुढे १९८१ साली अॅडम जिवोन्स्की आणि डॉन अँडरसन यांनी सगळ्या जगाच्या नोंदी घेऊन पृथ्वीचा एक सरासरी तक्ता बनवला. किती खोलीवर लाटेचा वेग किती, घनता किती. प्रावरणाच्या, म्हणजे साल आणि गाभा यांच्यामधल्या खडकाच्या, तळाशी दाबाची लाट सेकंदाला पावणेचौदा किलोमीटर धावते आणि गाभ्यात शिरताच एकदम आठावर येते. आडवी लाट तर तिथे मरतेच, कारण द्रवाला आडवं हलवता येत नाही. हा तक्ता आजही वापरात आहे. पण त्यात पृथ्वी कांद्यासारखी आहे, फक्त पाकळ्या. सह्याद्रीखाली जे, तेच पॅसिफिकखाली. ज्याला एखाद्या जागेचं मूळ शोधायचं आहे, त्याला हा तक्ता काहीच सांगत नाही.

मला मूळ शोधायचं होतं ते आमच्या कातळाचं.

विहिरीला कातळ लागला की आमच्याकडे घरात शांतता पसरते. मुरूम संपला, मांजऱ्या संपला, आता काळा पाषाण, आता सुरुंग, आता पैसे. त्या काळ्या पाषाणावरच बहुतेक सगळा महाराष्ट्र उभा आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, थरावर थर लाव्हा ओतला गेला. आजही तो पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. अजिंठ्याची लेणी त्यात कोरली, रायगडाचा कडा त्याचाच. एवढं तापलेलं द्रव्य आलं कुठून? जे उत्तर सर्वांत जास्त मानलं जातं ते असं: प्रावरणात खोलवरून वर येणारा एक उष्ण स्तंभ होता, भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत त्याच्यावरून गेला, आणि आज तोच स्तंभ हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही त्या वाटेवरची पावलं. रियुनियनवरचा ज्वालामुखी अजून धगधगतो. म्हणजे माझ्या आजीच्या घराच्या जोत्याचा दगड आणि आफ्रिकेअलीकडच्या एका बेटावर आज थिजणारा लाव्हा ही एकाच चुलीवरची भाकर.

पण स्तंभ खरोखर आहे का, आणि किती खोल जातो, हा वाद कित्येक दशकं चालला. त्याचं कारण मला पुस्तकातून कळलं नाही. ते मी घरच्या संगणकावर पाहिलं.

भूकंपाच्या लाटांचं गणित करणारा एक मोफत प्रोग्राम आहे, स्पेकफेम नावाचा. त्याची छोटी, सपाट, दोन मितींची आवृत्ती साध्या संगणकावरही चालते. एका पावसाळी शनिवारी मी एक चौकोन आखला, मधोमध एक लहानसा गोळा ठेवला जिथे लाटेचा वेग कमी, आणि डावीकडून लाट सोडली. लाट सरळ रेषेत आली. गोळ्यापाशी तिच्या कडेला खळी पडली, मधला भाग मागे राहिला. मला वाटलं, आता ही खळी अशीच उजवीकडे पोचेल आणि तिथलं उपकरण सांगेल की वाटेत काहीतरी मऊ आहे. तसं झालं नाही. दोन्ही बाजूंची लाट हळूहळू त्या खळीत सरकली. खळी उथळ झाली, आणखी उथळ झाली. उजव्या काठाशी लाट पोचली तेव्हा ती जवळजवळ सरळ होती. वाटेत काही घडलंच नाही असा चेहरा.

मी ते पंधरा-वीस वेळा पाहिलं असेल. गोळा लहान केला की जखम लवकर भरायची. लाट लांब केली की आणखी लवकर.

प्रावरणातला बारीक, उष्ण स्तंभ इतकी वर्षं का सापडत नव्हता, ते यातच आहे. सुरुवातीच्या अभ्यासात लाटेला किरण मानलं जाई, एक बारीक रेषा, भूकंपापासून केंद्रापर्यंत ओढलेली. लाट उशिरा आली तर त्या रेषेवर कुठेतरी वेग कमी आहे, असा हिशेब. अशा लाखो रेषा एकमेकींवर पडल्या की चित्र उमटतं. १९८०च्या दशकात याच रीतीने पृथ्वीची पहिली त्रिमित चित्रं आली आणि ती खरी कामगिरी होती. पण लाट रेषा नसते, ती आजूबाजूचंही चाचपत जाते. २०००च्या सुमारास गणितातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. लाटेला पोचायला लागणारा वेळ ज्या भागावर अवलंबून असतो त्याचा आकार केळ्यासारखा वाकलेला असतो, आणि ते केळं मधून कापलं तर मेदूवड्यासारखं भोक दिसतं. ज्या रेषेवर आपण सगळा दोष टाकत होतो, नेमक्या त्याच रेषेवर लाट जवळजवळ आंधळी असते.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं रेषा ओढणाऱ्या माणसांचं काय झालं असेल, असं वाटत राहिलं. त्यांच्याबद्दल मला कमीपणा वाटत नाही. त्यांच्याकडे तेवढंच गणन होतं.

कारण रेषा सोडायची तर सगळी लाट सोडवावी लागते, सगळ्या पृथ्वीभर, क्षणाक्षणाला. त्यासाठी पृथ्वीच्या गोलाचे सहा वक्र तुकडे करतात, त्यांचे आणखी तुकडे, आणि प्रत्येक प्रोसेसरला एकेक वाटा देतात. मी रोज असलंच काम करते, म्हणून मला हे अगदी शेतासारखं दिसतं. ज्याने त्याने आपापला वाटा कसायचा, पण दर पावलाला बांधावर जाऊन शेजाऱ्याला सांगायचं की माझ्या कडेला लाट इथवर आली आहे. एक शेतकरी मागे पडला की सगळं शिवार थांबतं. २००३मध्ये दिमित्री कोमातीच, येरून ट्रॉम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी योकोहामाच्या 'अर्थ सिम्युलेटर' या महासंगणकावर अशी सगळी पृथ्वी हलवून दाखवली. एका वेळी १,४६० कोटी अज्ञात राशी. आणि इथे दया नाही: लाटेतला बारकावा दुप्पट हवा असेल तर काम सोळा पट होतं.

पण हे झालं फक्त पुढे जाणं. तुम्ही एक पृथ्वी मानलीत, तिच्यात भूकंप घडवलात, आणि हिशेबाने आलेली लाट पुण्याच्या किंवा पेरूच्या केंद्रावरच्या खऱ्या नोंदीशेजारी ठेवलीत. दोन्ही जुळत नाहीत. आता चूक कुठे आहे? लाट दहा हजार किलोमीटर फिरून आली आहे, वाटेत कोट्यवधी ठिकाणं आहेत. एकेका ठिकाणचा वेग बदलून पाहायचा म्हटलं तर जन्म पुरणार नाही.

इथे जी युक्ती केली जाते ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. नोंद आणि हिशेब यांत जो फरक पडला, तो फरकच भूकंप आहे असं समजायचं. तो प्रत्येक केंद्राच्या जागेवरून पृथ्वीत सोडायचा आणि काळ उलटा चालवायचा. चूक आल्या वाटेने माघारी निघते. मूळ लाट पुढे येते आहे, चुकीची लाट मागे चालली आहे, आणि ती दोघं जिथे एकमेकींत मिसळतात तिथे सांगितलं जातं: इथला वेग थोडा कमी कर, इथला थोडा वाढव. ठिकाणं कोट्यवधी असोत, एका भूकंपासाठी असे दोन-तीन हिशेब पुरतात. मग सगळ्या भूकंपांच्या दुरुस्त्या एकत्र करायच्या, पृथ्वी किंचित सुधारायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

प्रिन्स्टनच्या गटाने, एब्रू बोझदाग आणि ट्रॉम्प यांनी सहकाऱ्यांसह, हेच केलं. २०१६मध्ये आलेलं त्यांचं पहिलं जागतिक मॉडेल २५३ भूकंपांवर उभं होतं आणि १५ फेऱ्यांनी सुधारलेलं होतं. हिशेब ओक रिजच्या 'टायटन' महासंगणकावर झाले. २०२०ला २५वी फेरी झाली तेव्हा भूकंप १,४८० झाले होते. बर्कलीच्या स्कॉट फ्रेंच आणि बार्बरा रोमानोविच यांनी जरा वेगळ्या वाटेने, २७३ भूकंप घेऊन, २०१४-१५मध्ये असंच मॉडेल दिलं. त्याला सुमारे तीस लाख प्रोसेसर-तास लागले. एकाच प्रोसेसरवर हे काम महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी सुरू केलं असतं, तर २०१५ साल उजाडलं तरी संपलं नसतं.

त्या चित्रात स्तंभ दिसले. गाभ्याच्या सीमेपासून, २,९०० किलोमीटर खोलीपासून वर आलेले, आणि खालच्या भागात ६०० ते १,००० किलोमीटर रुंद, अपेक्षेपेक्षा फार जाड. फरक किती सूक्ष्म असतो ते सांगायला हवं. त्या रंगीत चित्रांतला लालभडक भाग म्हणजे लाट तिथे टक्का-दोन टक्के सावकाश चालते, एवढंच. आणि लाल म्हणजे तापलेलं, निळं म्हणजे गार, असंही डोळे मिटून म्हणता येत नाही. खडकाचा घटकच वेगळा असेल तरी वेग बदलतो. आफ्रिकेखाली आणि पॅसिफिकखाली, गाभ्याला चिकटून, खंडाएवढे दोन सावकाश प्रदेश आहेत. ते नुसते उष्ण आहेत की वेगळ्याच द्रव्याचे, यावर आजही भांडण आहे. चित्रं छापताना रंगांखाली हे लिहिलं जात नाही याचा मला राग येतो.

दुसरी अडचण कानांची. सीटी स्कॅनची उपमा सगळे देतात, पण स्कॅनमध्ये किरण हवा तिथून सोडता येतो. इथे भूकंप भूपट्टांच्या मर्जीने होतात आणि उपकरणं असतात जमिनीवर, तर पृथ्वीचा सत्तर टक्के भाग पाण्याखाली. माझ्या कातळाचं मूळ ज्या रियुनियनखाली असायला हवं तिथे शेकडो किलोमीटर नुसता समुद्र. म्हणून २०१२मध्ये फ्रेंच आणि जर्मन संशोधकांनी बेटाभोवती समुद्राच्या तळावर ५७ भूकंपमापकं सोडली, वर्षभर अंधारात ऐकत ठेवली आणि २०१३मध्ये वर काढली. त्या नोंदींवरून २०२१मध्ये जे चित्र आलं ते सरळ उभ्या स्तंभाचं नव्हतं. ते झाडाचं होतं. दक्षिण आफ्रिकेखाली, गाभ्याच्या सीमेवर, एक जाड खोड. वर येता येता फुटलेल्या फांद्या, एक पूर्व आफ्रिकेकडे, एक रियुनियनकडे. आमच्या कातळाचं मूळ शोधायला गेले आणि हाती फांदी लागली.

हे सगळं वाचताना एका तपशिलापाशी मी अडकले ती अजून सुटलेली नाही. या मॉडेलांसाठी भूकंप निवडून घेतात. फार लहान असेल तर त्याची लाट दूर पोचत नाही. फार मोठा असेल तर जमीन मिनिट-मिनिट फाटत राहते आणि हिशेब गढूळ होतो. सोयीचे भूकंप साधारण साडेपाच-सहापासून सातपर्यंतचे. कोयनेचा होता ६.३. किल्लारीचा, १९९३च्या अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरच्या पहाटेचा, तोही जवळपास तेवढाच, आणि त्यात हजारो माणसं झोपेतच गेली. पृथ्वीला जो टिचकीसारखा पुरतो, नीट ऐकू येण्याइतका आणि गोंधळ न करण्याइतका, तोच दगडामातीच्या घरांना पुरून उरतो. असे बहुतेक भूकंप समुद्रात किंवा ओसाड जागी होतात, कुणी मरत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी १,४८० हा आकडा वाचताना मी प्रत्येक वेळी थांबते. त्यांतले काही कुणाच्या तरी गोठ्याखाली झाले असणार.

गेल्या हिवाळ्यात आजीकडे होते. रात्री जेवणं झाल्यावर गडगड आली, भांडी वाजली, ती म्हणाली, "गेली." मग बऱ्याच वेळाने, चुलीतला विस्तव सारत, तिने विचारलं, "तू ते खालचं वाचतीस न्हवं? मग काय हाय गं आपल्याखाली?"

मी तिला झाड सांगायला निघाले होते, पण ते आपल्याखाली नाही. आपण त्याच्यावरून कधीच पुढे आलो. आपल्या देशाखाली याच लाटांनी १९९९मध्ये निराळंच काही दाखवलं. हजार-दोन हजार किलोमीटर खोल, आडवे, गार पट्टे. हिमालय उभा राहण्याआधी भारत आणि आशिया यांच्यामध्ये जो टेथिस समुद्र होता, त्याचा बुडालेला तळ. तो खाली गेला, आणि आपण वरून सरकत त्याच्यावर आलो.

"समुद्र आहे, आजी," मी म्हटलं. "म्हणजे, जुन्या समुद्राचा तळ. गार दगड झालेला."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "किती खोल?"

"इथून दिल्ली जेवढी लांब, तेवढा खाली. त्याच्याहूनही खाली."

"तवा ह्यो आवाज त्याचा न्हाई."

"नाही. हा अगदी वरचा. पाच-दहा किलोमीटरचा."

"व्हय," ती म्हणाली, "ह्यो आपला हाय," आणि तिने फडताळातला कडेला आलेला तांब्या आत ढकलला.